लासलगाव ते बेनापोल

१४ सप्टेंबर २०२०. सोमवार होता. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि कांद्याच्या निर्यातीवर त्या क्षणापासून बंदी आली. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर आणि हिली या नाक्यांवर कांद्याने भरलेले ट्रक जागच्या जागी थांबले. त्यांत नाशिक जिल्ह्यातून निघालेले ट्रकही होते. धुळे, नागपूर, रायपूर, खरगपूर असा जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा रस्ता कापून ते सीमेपर्यंत पोचले होते. पलीकडचा आयातदार दिसत होता, पैशांचे कागद तयार होते. फाटक मात्र बंद.

ताडपत्रीखाली गच्च रचलेला कांदा उभ्या ट्रकमध्ये किती दिवस टिकतो, हे निफाड तालुक्यातले शाळकरी पोरही सांगेल. बंगालचा सप्टेंबर म्हणजे दमट उकाडा. दोन दिवसांत माल तापतो, मग गोण्यांना घाम सुटतो, कोंब येतात, आणि खालच्या थरातून पाणी ठिबकायला लागते. चार-पाच दिवसांनी सरकारने आधीच कागदपत्रे झालेला पंचवीस हजार टन माल सोडायची परवानगी दिली. तोवर अनेक ट्रकांतला माल निम्मा-अर्धा गेला होता. सीमेपलीकडे गोण्या उघडल्या तेव्हा चांगला कांदा निवडून बाकीचा फेकावा लागला. नुकसान इकडच्या निर्यातदाराचे झाले, तिकडच्या आयातदाराचेही झाले, आणि दोघांनी ते आपापल्या परीने शेतकऱ्यावर आणि गिऱ्हाइकावर ढकलले.

दक्षिण आशियातल्या आर्थिक सहकार्यावर लिहायचे तर लोक शिखर परिषदांपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात या ट्रकांपासून करावीशी वाटते. या भागातल्या देशांनी करार भरपूर केले, सह्या भरपूर झाल्या, आयात शुल्कही बऱ्याच मालावर उतरले. तरी शेजाऱ्यांचा एकमेकांशी होणारा व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास अडून बसला आहे. आग्नेय आशियात हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या घरात आहे. हा फरक नुसत्या शुल्काच्या दराने समजत नाही. तो भरवशाचा फरक आहे, आणि भरवसा कसा मोडतो हे कांद्याइतके स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही.

निफाड तालुक्यातल्या लासलगावची कांद्याची बाजार समिती १९४७ची. सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या राहतात, व्यापारी ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकत कांदा हातात घेऊन दाबून पाहतात, साल चोळतात, पुकारा होतो आणि क्विंटलचा भाव ठरतो. मग माल खळ्यावर जातो. तिथे बायका ओळीने बसून प्रतवारी करतात. गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, निर्यातीचा एकसारखा माल वेगळा. गोणी भरली की काटा, शिलाई आणि लोडिंग. या सगळ्या साखळीत एक प्रश्न रोज विचारला जातो : बांगलादेशचे लोडिंग चालू आहे का? ते चालू असेल तर भाव शे-दोनशेने चढतो. बंद असेल तर दुपारच्या लिलावात त्याचा परिणाम दिसतो.

कारण साधे आहे. भारताच्या कांदा निर्यातीत बांगलादेश बऱ्याच वर्षांपासून सर्वांत मोठा ग्राहक राहिला. २०२२-२३ साली भारताने सुमारे पंचवीस लाख टन कांदा बाहेर पाठवला, त्यातला चौथाईच्या आसपास एकट्या बांगलादेशाने घेतला. दुबई आणि मलेशियाला माल बोटीने जातो, त्याला कंटेनर लागतो, प्रतवारी कडक लागते. बांगलादेशला ट्रक चालतो, मालगाडी चालते. २०२०च्या मे महिन्यात करोनामुळे पेट्रापोलचा रस्ता बंद पडला तेव्हा लासलगावहून कांद्याच्या मालगाड्या थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकाकडे गेल्या. साथीच्या त्या दिवसांत जगभरचे व्यवहार गोठलेले असताना निफाडचा शेतकरी आणि कुष्टिया-जशोरचे गिऱ्हाईक यांना रुळांनी जोडून ठेवले. अडचणीत मार्ग काढायची इच्छा असली की तो निघतो, हे त्या मे महिन्याने दाखवले. आणि चारच महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाला न सांगता फाटक लावले गेले.

न सांगता, हा इथला कळीचा भाग आहे. आदल्या वर्षीही असेच झाले होते. २९ सप्टेंबर २०१९ला निर्यातबंदी आली. लगेच ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हिंदीत सांगितले की बंदीमुळे आपल्याला अडचण झाली आणि आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे. सभागृह हसले. पण त्यांची मागणी गंभीर होती : पुढच्या वेळी थोडे आधी कळवा. जानेवारी २०२०मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्य अधिकाऱ्यांच्या बैठकीतही बांगलादेशाने हाच मुद्दा मांडला. त्यानंतर आठ महिन्यांत दुसरी बंदी आली, तीही पहिल्यासारखीच. ढाक्याने पत्र लिहून तीव्र चिंता व्यक्त केली आणि झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली.

२०१९च्या त्या हिवाळ्यात ढाक्यात कांदा किलोमागे दोनशे टाकांच्या वर गेला. सरकारने इजिप्त, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातून विमानाने कांदा मागवला. कांद्यासारखा स्वस्त आणि जड माल विमानातून आणायची पाळी आलेला देश पुढे काय करणार? दोनदा रिकामी घागर घेऊन शेजारच्या नळावरून परत आलेले घर तिसऱ्या उन्हाळ्याआधी आपल्या अंगणात बोअर पाडते. बांगलादेशाने तेच केले. पाबना, फरिदपूर, राजबाडी हे तिकडचे जुने कांद्याचे जिल्हे. तिथे क्षेत्र वाढले, साठवणुकीच्या खोल्या बांधल्या गेल्या, आणि ज्या काळात त्यांचा कांदा संपतो त्या काळासाठी पावसाळ्यात येणारा वाण शेतकऱ्यांना सरकारी मदतीने वाटला गेला. त्या वाणाचे नाव एन-५३. यातला ‘एन’ म्हणजे नाशिक. नाशिकच्या कांद्यावाचून अडू नये म्हणून नाशिकचेच बियाणे तिकडे पेरले गेले. २०२०च्या ऑक्टोबरअखेरीस भारताने कांद्याच्या बियाण्याच्या निर्यातीवरही बंदी घातली, पण तेवढ्याने तिकडचे पाऊल थांबले नाही.

याचा परिणाम आज नाशिक जिल्हा भोगतो आहे. २०२५ साली बांगलादेशाने आपल्या शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणून कित्येक महिने कांद्याचे आयात परवाने रोखून धरले. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरात बाहेर काढायची वेळ आली तरी मोठा ग्राहक गैरहजर होता, आणि भाव उत्पादन खर्चाच्या खाली रेंगाळत राहिला. इकडची निर्यात त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून पूर्ण मोकळी होती. वीस टक्क्यांचे निर्यात शुल्कही काढून टाकले होते. म्हणजे आपले दार उघडे, आणि घेणारा आपल्या गरजेपुरते घरीच पिकवू लागलेला.

जनावरांचेही असेच घडले. २०१४-१५नंतर सीमेवरून बांगलादेशात जाणारी गुरे मोठ्या प्रमाणात रोखली गेली. तो व्यापार कायदेशीर नव्हता, त्यामुळे रोखण्यावर माझा आक्षेप नाही. पण परिणाम पाहण्यासारखा आहे. काही वर्षांत बांगलादेशातल्या खेड्यापाड्यांतून गोठे उभे राहिले आणि बकरी ईदला लागणारी जनावरे देशातच मिळू लागली. विदर्भातल्या संत्र्याचे उलटे झाले, तिथे दार पलीकडून लागले. वरूड-मोर्शीच्या बागांतला आंबिया बहार वर्षानुवर्षे बांगलादेशात जायचा. तिथल्या सरकारने फळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतके वाढवले की २०१९ साली किलोमागे वीस रुपयांच्या आसपास असलेला बोजा २०२३पर्यंत ऐंशीच्या पुढे गेला. महाराष्ट्र सरकारला संत्रा उत्पादकांसाठी निर्यात अनुदान जाहीर करावे लागले. बांगलादेशाने संत्र्यावर कर बसवला त्यात परकीय चलनाची चणचण होती हे खरे. पण अमरावतीच्या बागाईतदाराला सीमेपलीकडचे कारण कळून काय उपयोग? त्याच्यापुरता एवढाच अर्थ की भरवशाचा बाजार गेला.

हे दुखणे अलीकडचे नाही. फाळणीच्या वेळी जगातला सर्वांत चांगला ताग पूर्व बंगालात पिकत होता आणि तागाच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या हुगळीच्या काठावर, म्हणजे भारतात होत्या. शेत एका देशात आणि गिरणी दुसऱ्या देशात. याहून उघड परस्परावलंबन शोधून सापडणार नाही. सप्टेंबर १९४९मध्ये ब्रिटिश पौंडाच्या पाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने मात्र आपल्या रुपयाची किंमत तीच ठेवली. भारताने नवा दर मान्य केला नाही. ताग यायचा थांबला, कोळसा जायचा थांबला. ही कोंडी बरेच महिने टिकली. त्यानंतर भारताने पश्चिम बंगाल, बिहार आणि आसामात भातशेती मोडून तागाचे क्षेत्र वाढवले. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी ताग गिरणी उभारली, १९५१च्या अखेरीस ती सुरू झाली आणि पुढे जगातली सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली गेली. दोन्ही देश स्वयंपूर्ण झाले, असे तेव्हा अभिमानाने म्हटले गेले. प्रत्यक्षात दोघांनी दुसऱ्याकडे जे आयते होते ते दुप्पट पैसे ओतून पुन्हा उभे केले, तेही अशा काळात जेव्हा दोघांकडे पैसा नव्हता. गरीब शेजाऱ्यांना भांडण फार महाग पडते. श्रीमंत देशाला दुसरा पुरवठादार शोधता येतो. आपल्याकडे त्याची किंमत शाळा आणि दवाखान्यांच्या पैशांतून जाते.

सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेची, कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती कागदावर जितकी मोठी आहे तितकी जमिनीवर नाही. बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी १९८०मध्ये कल्पना मांडली. ८ डिसेंबर १९८५ला ढाक्यात सात देशांनी संघटना स्थापली, काठमांडूत सचिवालय झाले, २००७मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. १९९३ला सवलतींचा व्यापार करार झाला. मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार जानेवारी २००४मध्ये इस्लामाबादला सहीत आला आणि २००६पासून लागू झाला. नोव्हेंबर २०१४मध्ये काठमांडूत अठरावी शिखर परिषद झाली. एकोणिसावी २०१६ला इस्लामाबादेत व्हायची होती. उरीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर ती रद्द झाली, आणि तेव्हापासून या संघटनेचे प्रमुख एकत्र बसलेले नाहीत.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या वैरामुळे सार्क अडला, हे सर्वमान्य उत्तर आहे आणि ते बव्हंशी खरेही आहे. दहशतवादाचा प्रश्न कोणत्याही व्यापारी हिशेबाने मिटवता येणार नाही, आणि ज्या घरातला माणूस मारला गेला त्याला व्यापाराचे फायदे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण या उत्तराआड आपण बाकीच्या शेजाऱ्यांशी कसे वागलो हा प्रश्न लपून राहतो. बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका यांच्याशी आपले युद्ध झालेले नाही. तिथे काय अडले?

शुल्क अडले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. श्रीलंकेशी १९९८ साली सही झालेला मुक्त व्यापार करार मार्च २०००पासून चालू आहे. नोव्हेंबर २०११मध्ये मालदीवमधल्या परिषदेत भारताने सर्वांत कमी विकसित शेजाऱ्यांसाठी सवलत नाकारलेल्या वस्तूंची यादी ४८०वरून थेट २५वर आणली. म्हणजे दारू, तंबाखू असा मोजका माल सोडला तर ढाक्याहून काहीही बिनशुल्क येऊ शकत होते. मोठ्या देशाने बरोबरीची परतफेड न मागता शेजाऱ्याला द्यावे, हा इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६मध्ये मांडलेला विचार होता, आणि २०११चा निर्णय त्याच वळणाचा होता. माझ्या मते स्वतंत्र भारताने शेजाऱ्यांसाठी घेतलेल्या सर्वांत शहाण्या आर्थिक निर्णयांपैकी तो एक आहे. त्याची आपल्याकडे चर्चाच झाली नाही.

तरीही माल सुरळीत का जात नाही, हे पाहायला पेट्रापोलला जावे लागते. कोलकात्याहून ऐंशीएक किलोमीटर, जुन्या मोठाल्या झाडांच्या जशोर रोडने बनगावपर्यंत, आणि पुढे सीमा. पलीकडे बेनापोल. भारत-बांगलादेशच्या खुष्कीच्या व्यापारातला सर्वांत मोठा वाटा या एका फाटकातून जातो. २०१६मध्ये इथे एकात्मिक तपासणी नाका झाला, म्हणजे सीमाशुल्क, सुरक्षा, गोदामे, पार्किंग सगळे एका आवारात. पण त्याच्या आधी बनगावच्या पार्किंगमध्ये ट्रक थांबतात. चालकाला पलीकडे जाण्यासाठी ‘कार पास’ लागतो. तो घेऊन ट्रक बेनापोलच्या आवारापर्यंतच जातो, त्यापुढे नाही. तिथे माल उतरतो, पाहणी होते, आणि बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा चढतो. प्रत्येक गोणी हमालाच्या पाठीवरून दोनदा जाते. इथल्या हमालांचे आणि पार्किंगवाल्यांचे संसार याच दिरंगाईवर चालतात, त्यामुळे ती संपवणे म्हणजे त्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे, हे कोलकाता आणि दिल्लीतल्या अहवालांत क्वचितच येते.

जागतिक बँकेने २०२१मध्ये या नाक्याचा हिशेब मांडला : इथून माल पार व्हायला सरासरी १३८ तास लागतात, त्यातले २८ तास नुसते एका ट्रकमधून दुसऱ्यात माल घालण्यात जातात. पूर्व आफ्रिकेसह जगातल्या इतर भागांत हेच काम सहा तासांच्या आत होते. याच बँकेने अशीही नोंद केली आहे की भारतीय कंपनीला दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणे सुमारे वीस टक्क्यांनी स्वस्त पडते. ट्रक थेट ढाक्यापर्यंत जावेत म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५मध्ये थिंफूला मोटार वाहन करार केला. पुढच्याच वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. त्यांच्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर परदेशी ट्रकांची रांग लागेल ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. उरलेल्या तिघांचेही गाडे नियमावलीतच रुतून बसले. २०२२पासून पश्चिम बंगाल सरकारने ट्रकांना वेळ आधी ऑनलाइन ठरवून द्यायला सुरुवात केली, त्याने रस्त्यावरची रांग बरीच कमी झाली. लहान सुधारणा आहे, पण ट्रकवाल्याला तीच जाणवते.

मग २०२५ आले. आदल्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तांतर झाले होते, बोलणी कडवट झाली होती. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी माल आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशात नेण्याची २०२०पासूनची सोय बंद केली. त्याच महिन्यात बांगलादेशाने खुष्कीच्या मार्गाने येणारे भारतीय सूत थांबवले. १७ मे रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना सगळे भूमार्ग बंद केले. ते फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतून यावेत. जूनअखेर तागाचा माल आणि काही कापडही त्यात आले, आणि त्यांच्यासाठी एकच बंदर उरले : न्हावा शेवा.

याचा नकाशावरचा अर्थ लक्षात घ्या. खुलना ते कोलकाता रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. खुलन्यातून निघालेले तागाचे सूत कोलकात्याजवळच्या गिरणीला हवे असेल तर ते आता बोटीत चढून श्रीलंकेला वळसा घालून उरणजवळ उतरेल आणि मग सारा देश ओलांडून पूर्वेला जाईल. अर्थात कोणी असे नेणार नाही, आणि नियमाचा हेतूही तोच आहे. शुल्क शून्यच आहे. मुक्त व्यापाराचा करार अबाधित आहे. फक्त माल जात नाही. दोन्ही सरकारांनी एकमेकांना धडा शिकवला, आणि त्याची किंमत नारायणगंजच्या शिलाई कामगाराने आणि सूत विकणाऱ्या आपल्या गिरण्यांनी मोजली.

या सगळ्यात जिथे काही जमले, तिथे कसे जमले ते पाहिले पाहिजे. भूतानचा चुखा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॉटचा. १९८०च्या दशकात भारताने साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज देऊन तो बांधला, आणि भूतानच्या गरजेहून जास्तीची वीज भारताने घ्यायची असे ठरले. नंतर १०२० मेगावॉटचा ताला आला. वीज विकून मिळणारा पैसा भूतानच्या सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाला. कोणीही वीज एका रात्रीत बंद केली नाही. कारण सरळ आहे : धरण आणि तारा पन्नास वर्षांसाठी बांधाव्या लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना आधीच लांबचा विचार करून शब्द द्यावा लागतो. काठमांडूत एके काळी दिवसाला सोळा-सोळा तास दिवे जायचे. २०१६ साली ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी सुरू झाली, भारताची वीज गेली, आणि काठमांडूची अंधारयात्रा संपत आली. आता पावसाळ्यात नेपाळच वीज विकतो. ऑक्टोबर २०२४मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. त्यानुसार नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाते. जून ते नोव्हेंबर, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. सिलिगुडीजवळ या दोन देशांमधली भारताची पट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी बावीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण वीज तारा जिथे आहेत तिथून, म्हणजे बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून शिरून बंगालमधल्या बहरमपूरहून बांगलादेशातल्या भेडामाऱ्याला निघते. ४० मेगावॉट म्हणजे बांगलादेशच्या गरजेपुढे थेंब. मला त्या थेंबाचे मोल मोठे वाटते, कारण भारताने इथे आपल्या भूगोलाचा उपयोग दोन शेजाऱ्यांना जोडायला केला. आणि २०२५च्या जूनमध्ये, म्हणजे ढाका-दिल्ली संबंध इतके बिघडलेले असतानाही, ही वीज ठरल्या तारखेला वाहू लागली.

नेपाळशी मात्र आपण नेहमीच इतके शहाणे वागलो नाही. २०१५च्या सप्टेंबरपासून पाच महिने रक्सौल-बीरगंज मार्गावरून इंधन आणि औषधे जाणे जवळजवळ थांबले. नेपाळमधल्या मोठ्या भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते. तो नेपाळमधल्याच मधेशी समाजाच्या आंदोलनाचा परिणाम आहे, असे भारताने म्हटले. नेपाळी माणसाने त्याला नाकेबंदी म्हटले. मार्च २०१६मध्ये नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला. पुढे २०१९मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी झाली, टँकरांची रांग संपली, आणि भारताने हे चांगले काम केले. पण आज काठमांडूत भारताचा विषय निघाला की तेलवाहिनीआधी लोकांना तो हिवाळा आठवतो, लाकडे जाळून केलेला स्वयंपाक आठवतो.

मेघालयातल्या कालाईचरला जुलै २०११मध्ये भारत-बांगलादेश सीमेवरचा पहिला ‘बॉर्डर हाट’ सुरू झाला. पलीकडचे गाव बालियामारी, कुरिग्राम जिल्ह्यातले. शून्य रेषेवर कुंपण घातलेली जागा, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाजार, पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच प्रवेश, आणि खरेदीला डोक्यामागे मर्यादा. सुरुवातीला ती पन्नास डॉलर होती, नंतर वाढत गेली. भाजी, फळे, मासे, प्लास्टिकची भांडी, लुंग्या. रुपये आणि टाका दोन्ही चालतात. त्रिपुरातल्या कमलासागरला २०१५मध्ये असाच हाट झाला. उलाढाल किरकोळ आहे. पण फाळणीपूर्वी ज्या बाजाराला चालत जात होते त्या बाजाराला सीमेवरची माणसे पुन्हा चालत जाऊ लागली, नात्यातली माणसे भेटू लागली, आणि जो माल रात्री कुंपणाखालून जात होता तो दिवसा पावती घेऊन जाऊ लागला. बायकांचा सहभाग मात्र नियमांमुळे आणि रिवाजामुळे कमीच राहिला. करोनात हाट बंद पडले आणि पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला, याची मला खंत वाटते. ज्यांना या बाजाराची सर्वांत जास्त गरज होती त्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोचत नाही.

निर्यातबंदीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कांदा महागला की दिल्लीतली सरकारे हादरतात, आणि शहरातल्या रोजंदारीवाल्याच्या ताटातला कांदा हा खोटा प्रश्न नाही. सरकारला आपल्या माणसांची सोय आधी बघावी लागते. अडचण अशी की भारत आणि बांगलादेश दोघांकडेही कांदा एकाच काळात तुटतो. आपला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत ऑक्टोबरपर्यंत टिकतो. त्यांचाही मुख्य कांदा त्याच सुमारास निघतो. पावसाने आपला लाल कांदा लांबला किंवा नासला की सप्टेंबर ते डिसेंबर दोन्हीकडे तंगी. म्हणजे शेजाऱ्याला जेव्हा सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच आपला हात आखडतो. म्हणून ‘बाजार मोकळा सोडा’ एवढे म्हणून भागत नाही. वाईट वर्षी काय करायचे, हे चांगल्या वर्षी ठरवून ठेवावे लागते.

आणि बंदीने शेतकऱ्याचे काय होते? १९ ऑगस्ट २०२३ला चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले, लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. केंद्राने २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदीची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलरचा किमान निर्यात दर आला, आणि ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. भाव काही दिवसांत निम्म्यावर घसरले. बंदी ४ मे २०२४ला उठली, दिंडोरीच्या लोकसभा मतदानाला तेव्हा सोळाच दिवस उरले होते. दरम्यान एक महत्त्वाची गोष्ट घडली. बंदी चालू असतानाच सरकारने सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला पन्नास हजार टन कांदा द्यायचे ठरवले, आणि त्यातला काही पाठवलाही. सरकारी खरेदीच्या दराबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्या योग्य होत्या. पण वाईट वर्षातही शेजाऱ्यासाठी ठरावीक माल बाजूला काढता येतो, हे सिद्ध झाले.

हेच कायमचे का करू नये? डिसेंबर २०२२मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्य मंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली, तेव्हा बांगलादेशाने गहू, तांदूळ, साखर, कांदा, आले, लसूण आणि डाळ यांचा वार्षिक कोटा मागितला होता. भारताने तत्त्वतः होकार दिला होता. त्याचा करार झाला नाही. आता तो करण्याला एक निमित्तही आहे. बांगलादेश नोव्हेंबर २०२६मध्ये सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे, म्हणजे २०११च्या सवलतींची जागा नव्या कराराला घ्यावी लागेल. डिसेंबर २०२६मध्ये गंगेच्या पाण्याच्या तीस वर्षांच्या कराराची मुदतही संपते. बोलणी होणारच आहेत, टाळता येणारी नाहीत.

त्या बोलण्यांत कांद्याचे एक कलम असावे, आणि ते शेताच्या वेळापत्रकाप्रमाणे लिहावे. उन्हाळ कांद्याची लागण दोन्ही देशांत डिसेंबर-जानेवारीत होते. त्याआधी, दर वर्षी दिवाळी उलटली की, दोन्ही वाणिज्य खात्यांनी बसून येत्या वर्षाचा आकडा ठरवावा. पीक बुडाले तर भारताने तो कमी करावा, पण ठरलेल्या किमान टनांच्या खाली नेऊ नये, आणि कपात करायची तर तीस दिवस आधी लेखी कळवावे. वाटेत असलेला, कागदपत्रे झालेला माल कोणत्याही अधिसूचनेने अडवू नये. बांगलादेशानेही आयात परवाने रोखायचे असतील तर हीच तीस दिवसांची अट पाळावी, आणि संत्र्याचे, द्राक्षाचे शुल्क हंगाम सुरू झाल्यावर वाढवू नये. आकडा लहान ठेवला तरी चालेल. दोन-तीन लाख टनांनी सुरुवात करावी. निफाड आणि येवल्याच्या शेतकऱ्याला किती गुंठे कांदा करायचा, आणि फरिदपूरच्या शेतकऱ्याला एन-५३ किती लावायचा, हे दोघांनाही रोप वाफ्यातून उपटण्याआधी कळलेले असेल.